पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचं नाव

विनोद सुका वरठाने उभ्या जन्मात दोनदा सरकारी खिडकीपुढे उभं राहून अगदी खरं सांगितलं, आणि त्या दोन खऱ्यांनी मिळून त्याला खोटा पाडला. माणूस साधा. नागझरीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी वीस-पंचवीस घरांचा पाडा आहे, तिथला. वय चौतीस. घरी म्हातारे आईबाप, बायको मोनाली, दोन पोरं. बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत, स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात तो आर्गन वेल्डर आहे.

आर्गन वेल्डिंग म्हणजे ठिणग्या उडवत लोखंडाला लोखंड डकवणं नव्हे. केमिकल कंपन्यांच्या टाक्यांना जो जोड लागतो तो आतून बोट फिरवलं तरी कळता कामा नये. त्याचा एक्स-रे काढतात. तांदळाएवढा पोकळपणा दिसला तरी सगळा जोड घासून काढा आणि परत करा. त्याला हात स्थिर लागतो आणि डोकं थंड लागतं. विनोदकडे ही दोन्ही होती. कारखान्यातले जुने फोरमन कमलाकांत राऊत चिंचणीचे. घरी चिकूची वाडी, पण वाडीपेक्षा यंत्रांत रमणारे. त्यांनीच विनोदला हाताला धरून शिकवलं. पुढेपुढे तर कोणी नवा माणूस जोड दाखवायला आला की ते म्हणायचे, "माझ्याकडे काय आणतोस? त्या विनोदकडे ने. तो हो म्हणाला तर हो."

तेच एक दिवस पेपरातलं कात्रण घेऊन आले. पोलंडमध्ये जहाजं बांधणाऱ्या एका गोदीला वेल्डर हवे होते, परीक्षा मुंबईत होती. बोईसरला स्टेशनजवळ हर्षित नावाच्या तरुणाचं परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस आहे, त्याच्यामार्फत नाव लागलं. विनोद परीक्षेला गेला. चाळीस जण होते, निवडले सहा. विनोदने जोडलेला पाइप कापून बघितल्यावर पोलंडहून आलेला लालबुंद परीक्षक टॉर्च घेऊन दोन मिनिटं त्या जोडाकडे बघत बसला आणि मग त्याने उठून विनोदशी हात मिळवला. पंधरा वर्षं बोईसरला राबून त्याच्याशी कोणी हात मिळवला नव्हता. इथे डोंगराकडच्या माणसाला हाक म्हणजे "ए मामा", नाहीतर नुसतंच "ए". घरी आल्यावर त्याने तो हात मोनालीला दाखवला. ती म्हणाली, "धू आदी, ग्रीस लागलंय."

तर पत्र आलं. दोन वर्षांचा करार, इथल्या चौपट पगार, राहायला खोली. तीन महिन्यांत हजर व्हायचं. विनोदला ती नोकरी हवी होती, आणि किती हवी होती हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पैसा हवा होताच, कोणाला नको असतो? पण ज्या ठिकाणी त्याच्या जोडाकडे टॉर्च लावून बघतात त्या ठिकाणी एकदा काम करून बघायचं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विनोदच्या पाड्यात बायको घरात आणणं वेगळं आणि लगीन लावणं वेगळं. दोन घरांचं बोलणं झालं, चार जाणती माणसं बसली, की पोरगी नांदायला येते. ती बायको. पोरं होतात, शाळेत बापाचं नाव लागतं, रेशनकार्डावर चढतं, सगळं रीतसर होतं. लगीन मात्र सवडीने. मांडव घालायचा, भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, गाणी म्हणून लगीन लावणारी धवलेरी आणायची, अख्ख्या पाड्याला आणि दोन्हीकडच्या सोयऱ्यांना जेवू घालायचं. एवढं काही कोणाच्या घरी मडक्यात भरून ठेवलेलं नसतं. कोणी पाच वर्षांनी लावतं, कोणी पंचवीस. कोणी तर पोराच्या मांडवात आधी स्वतः हळद लावून घेतं आणि मग पोराला लावतं. यात कोणाला लाज वाटत नाही, आणि का वाटावी? नियम एकच. आधी थोरल्यांचं, मग धाकट्यांचं. बापाचं लगीन बाकी असताना पोराने मांडवात बसायचं नाही.

आणि विनोदचा बाप सुका साठीला टेकला तरी त्याचं लगीन बाकीच. एका वर्षी भाऊ वारला, एका वर्षी तो स्वतः ताडावरून पडून पाय मोडून बसला, एका वर्षी पैसा छपरात गेला. मग त्याला सवयच झाली. कोणी विचारलं की, "फुडल्या वर्षी." त्याची बायको सोमी हसून म्हणायची, "नवरीचे दात पडले, आता नवऱ्याची वाट बगते." तीन पोरं आणि पाच नातवंडं असलेली नवरी! बापाचं अडलं म्हणून विनोद-मोनालीचंही अडलं. बारा वर्षांचा संसार, पण मांडव बाकी. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

पासपोर्ट विनोदने तीन वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, कमलाकांत मागे लागले म्हणून. पासपोर्ट ऑफिसात खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पत्नीचं नाव?" विनोद म्हणाला, "मोनाली." आधारवर तेच, रेशनकार्डावर तेच. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईबापाच्या नावाखाली मोनालीचं नाव छापून आलं. ही पहिली खिडकी.

दुसऱ्या खिडकीला जायच्या आधी कमलाकांतांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, व्हिसावाल्यांना खोटं खपत नाही. पाल्हाळ लावू नकोस. विचारतील त्याचं खरं उत्तर दे आणि गप्प बस."

"व्हय काका," विनोद म्हणाला.

हर्षितने कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला घेतला. धडाधड प्रश्न, धडाधड उत्तरं. "लग्न झालंय?"

"लगीन ना? नाय, अजून बाकी हाय. आदी बाबाचं व्हायचं हाय."

हर्षितला वाटलं, गंमत करतोय. तो हसला, 'अविवाहित'च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. शेवटचं पान उलटून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. दिवसाला दहा फॉर्म भरणाऱ्याचं असंच होतं, घाई अंगात मुरते. पुढे मुंबईला मुलाखत. काचेमागच्या बाईने कागद चाळत हिंदीत विचारलं, "शादी हुई है?"

"नहीं मैडम. लगीन बाकी है."

बाहेर आला तेव्हा विनोद खूश होता. एकही शब्द खोटा बोलायला लागला नव्हता.

अठरा दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नव्हता, एक छापील पत्र होतं. हर्षितने ते वाचलं, परत वाचलं. अर्जदाराने दिलेली माहिती परस्परविरोधी आहे, तिच्या खरेपणाबद्दल शंका आहे, सबब अर्ज नामंजूर. मग त्याने पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं.

"विनोदभाई, ही मोनाली कोण?"

"बायको माझी."

"मग अविवाहित का सांगितलंस?"

"लगीन झालं नाय म्हणून."

"लग्न झालं नाही तर बायको कशी?"

"घरात हाय ना. बारा वर्सं झाली. दोन पोरं हायत."

हर्षितने कपाळाला हात लावला. खरं तर तो पोरगा वाईट नव्हता, चिंचणी-तारापूरकडचाच, पण पंचवीस किलोमीटरवरच्या डोंगरात लग्नं कशी होतात हे त्याला ठाऊक नव्हतं. विनोदला तरी कुठे ठाऊक होतं, की आपल्या घरात जे दोन शब्द वेगळे आहेत ते त्या काचेमागे एकच आहेत? ज्याने सगळ्यात कमी खोटं बोलावं त्याच्यावरच लबाडीचा शिक्का. याला काय म्हणायचं!

गोदीवाल्यांना विनोदच हवा होता. त्यांनी कळवलं, तीन आठवडे जागा धरून ठेवतो, तेवढ्यात फेरविचाराचा अर्ज करा आणि सोबत हा घोळ मिटवणारा कागद जोडा. मग विनोदची कागदामागे पळापळ सुरू झाली. आधी तो ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेविका मेघाली मॅडम भल्या बाई. म्हणाल्या, "लग्नाचा दाखला देते की. तारीख सांगा. आणि मांडवातला एक फोटो."

"मांडवच झाला नाय, मॅडम."

"मग तारीख कोणती टाकू, विनोद? मनाने टाकली तर उद्या मी अडकेन आणि तुम्हीही."

तो घरी आला आणि बापाला म्हणाला, "बाबा, येत्या रविवारी मांडव घालू. तुमचं नि आमचं, एकदमच."

सुका शेताच्या बांधावर बसला होता. भाद्रपदाचे दिवस, भात पोटरीला आलेलं. "शेतात भात उबं असता कोन लगीन लावतो?" तो म्हणाला. "दाने घरात येऊ दे. देव काय कागद बगून येतात काय?"

विनोद चिडला, म्हाताऱ्याला नको ते बोलला. पण रविवारी मांडव घालूनही काही साधणार नव्हतं, हे त्याला हर्षितने दुसऱ्या दिवशी समजावलं. दाखल्यावर तारीख पडणार यंदाची आणि पासपोर्ट तीन वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेव्हा खोटं लिहिलं होतं हे आपणच सही-शिक्क्यानिशी कबूल केल्यासारखं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"एक रस्ता आहे," हर्षित म्हणाला. "लग्न झालेलं नाही हे तर खरंच आहे ना? मग तेच धरायचं. प्रतिज्ञापत्र करायचं, की ही बाई माझी बायको नाही, पासपोर्टवर नाव चुकून पडलं. तिनेही सही करायची. नुसता कागद आहे रे. तिकडे कोण बघायला येतंय?"

विनोदने घरी येऊन मोनालीला सांगितलं तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती.

"काय लिवायचं त्यात?"

"लिवायचं, का तू माझी बायको नायस. नाव चुकून पडलं."

मोनालीने दोन खडे वेचून बाजूला टाकले. "बरं," ती म्हणाली.

"कागदापुरतं."

"समजलं मना. कागदापुरतं."

हर्षितने फोन स्पीकरवर लावायला सांगून तिला नीट बजावलं, "भाभी, सही माहेरच्या नावाने करायची हां. मोनाली लहानू धोडी." ती हो म्हणाली. सोमी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "विनोद, तुज्या बापानं असला कागद केला असता तर मी कोन रं झाली असती?" विनोदला अर्जाची मुदत दिसत होती, शुक्रवारची.

शुक्रवारी सकाळी दोघं पालघरला गेली. कोर्टाजवळच्या गल्लीत टेबलं टाकून वकील बसतात, त्यातल्या एकाने हर्षितकडून आलेला मजकूर स्टॅम्प पेपरवर छापून तयार ठेवला होता. रीत म्हणून त्याने तो मोठ्याने वाचला. "सदर स्त्रीशी माझा विवाह झालेला नसून तिच्याशी माझा कोणत्याही प्रकारचा वैवाहिक संबंध नाही व नव्हता." शेजारच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली. मोनालीने पदर खांद्यावर ओढून घेतला. विनोदचे कान तापले. 'व नव्हता' हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याने सही केली. जो हात दोन तास एका रेषेत चालतो त्याला ती चार अक्षरं नीट काढता आली नाहीत.

मग मोनालीने पेन घेतलं. ती नववीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, बचत गटाच्या वहीत दर महिन्याला सही करणारी. तिने सावकाश, गोल गोल अक्षरात लिहिलं. वकिलाने कागद फिरवून घेतला आणि चष्मा वर केला.

"अहो बाई, हे काय केलंत? वर लिहिलंय की हा तुमचा नवरा नाही, आणि खाली त्याच्याच नावाने सही? मोनाली विनोद वरठा?"

"माजं नाव तेच हाय, साहेब," मोनाली म्हणाली. "आधार बगा."

वकिलाला हसू आलं, पण माणूस कामाचा होता. म्हणाला, "हा कागद गेला वाया. त्या पलीकडच्या खिडकीवर दुसरा स्टॅम्प पेपर मिळेल, घेऊन या. मी परत छापतो. या वेळी माहेरचं नाव लिहा. अजून वेळ आहे, चारपर्यंत तुमचा कागद तुमच्या हातात."

विनोद खिडकीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे सहा जण होते. मोनाली तिथेच बाकावर बसून राहिली. ऊन चांगलंच तापलं होतं. तिच्यावर त्याला इतका राग आला होता, की मान वळवून तिच्याकडे बघावंसंही वाटत नव्हतं. एक सही, फक्त एक सही! ही मुद्दाम करते की काय? सहाचे चार झाले, चाराचे दोन. नंबर आला. खिडकीतल्या माणसाने रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव? आणि कशासाठी हवाय?"

विनोदने नाव सांगितलं.

"कशासाठी? कारण लिहावं लागतं इथे."

काय सांगायचं, ती बाकावर बसलेली बाई माझी बायको नाही म्हणून? मागचा माणूस म्हणाला, "चला हो, लवकर." खिडकीतल्याने परत विचारलं. विनोद म्हणाला, "ऱ्हाऊ द्या," आणि रांगेतून बाहेर पडला. वकिलाला त्याचे पैसे दिले, वाया गेलेला कागद घडी करून खिशात घातला आणि मोनालीला म्हणाला, "चल."

ती उठली आणि त्याच्या मागे चालायला लागली. एसटीत दोघं शेजारी बसली.

हर्षितचे संध्याकाळपर्यंत अकरा फोन येऊन गेले. विनोदने शेवटचा उचलला. सोमवारी यादीतल्या सातव्या माणसाला ती जागा मिळाली, कोणी कुर्ल्याचा होता म्हणे. विनोद पहिल्या पाळीला कामावर हजर झाला. कमलाकांत धावतच आले. "अरे, काय झालं काय शेवटी?"

"व्हिसा नाय झाला, काका."

"पण का? सगळं खरं सांगितलंस ना?"

"सगळं खरं सांगितलं," विनोद म्हणाला आणि डोक्यावरचा मास्क खाली ओढला. त्या दिवशी त्याचा एक जोड एक्स-रेत नापास झाला. सात वर्षांत पहिल्यांदा. कमलाकांतांनी कोणाला न सांगता तो स्वतः घासून काढला.

घरात तो मोनालीशी बोलेना. लागेल तेवढंच, तेही पोरांना मध्ये घालून. राग होताच, आणि तो खोटाही नव्हता. कधी नव्हे ती संधी दाराशी आली होती. त्या लालबुंद परीक्षकाचा हात आठवला की त्याला अन्न गोड लागेना. मोनालीही आपणहून बोलली नाही. पाणी भरलं, पोरं शाळेत धाडली, गवत कापून आणलं. आठवडा असा गेला.

रविवारी दुपारी तो जेवायला बसला. पोरं बाहेर होती, म्हातारी दोघं शेतावर. मोनालीने भात वाढला, वर सुक्या बोंबलाचं कालवण घातलं आणि समोर बसली. दोन घास खाऊन विनोदने हात थांबवला.

"हर्षितनं तुला फोनवर सांगितलेलं," तो म्हणाला. "माहेरचं नाव लिव म्हणून."

"सांगितलेलं."

"तू हो म्हणालेलीस."

"म्हणालेली."

"मंग?"

मोनाली म्हणाली, "त्यानं वाचलं ना मोट्यानं, व नव्हता म्हणून. बारा वर्सं मी काय करत होती तुज्या घरात? माजा हात माहेरच्या नावाकडं जायनाच."

विनोदने भाताकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दुसरा कागद घ्यायला मी गेलेलो. नंबर आलेला माझा."

"ठावं हाय. बगत होती मी बाकावरून."

"आनला असता तर?"

"तर केली असती सही," मोनाली म्हणाली. "माहेरच्या नावानं. तुजी नोकरी कशाला घालवू? तू गेला असतास." तिने कालवणाचं भांडं पुढे सरकवलं. "आन मी तिथूनच पोरांना घेऊन माहेरी गेली असती. मंग परत आनायला तुला तोंड ऱ्हायलं नसतं."

विनोद पाणी प्यायला. ती नोकरी त्याला अजूनही हवी होती, आजही विचारा, हवीच म्हणेल. पण त्या रांगेत आपण कशाच्या किती जवळ जाऊन उभे होतो, हे त्याला त्या दुपारी कळलं.

"वाढ थोडं," तो म्हणाला. मोनालीने वाढलं आणि मग स्वतःचंही ताट घेतलं.